आजोळचे घर आणि एक पत्र

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला 'घर' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. मी काही वक्ता नव्हे. सारी नोकरी मुलांना गणित शिकवण्यात गेली आणि गणितात भाषण करावे लागत नाही. म्हणून घराची व्याख्या करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मला एका घराची हकीकत माहीत आहे, ती सांगतो. त्या घरात माझ्या हातून एक चूक झाली. ती मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो आहे, कारण समोर बसलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या हातून तीच चूक होण्याचा संभव आहे, आणि पालकांपैकी पुष्कळांच्या बाबतीत ती घडण्याचा संभव आहे.

हे घर माझ्या आजोळचे. दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून तासाभराच्या पायवाटेवर. माझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. डोंगरीत आमची एकच खोली, तीत आम्ही सात माणसे. म्हणून मला पहिलीपासून शिकायला नानीकडे ठेवले होते. त्या काळी आपल्या समाजात ही गोष्ट सर्रास होती. बाप मुंबईत किंवा जहाजावर, आणि मुले आजोळी किंवा ददियालात.

घर जांभ्या दगडाचे, वर मंगलोरी कौले. पुढे खळे, मग दोन पायऱ्या चढून ओटी, ओटीच्या मागे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि शेवटी पडवी. पडवीच्या पलीकडे विहीर आणि सुपारीची वाडी. पहाटे धाकटे मामू रहाट ओढायचे त्याची कुरकुर कानावर पडली की मला जाग यायची. माजघरात भिंतीला लागून भाताची कणगी होती आणि कणगीवर माळा. माळ्यावर आंबोशी, कोकमाची सोले, वाळवलेली सुकट आणि नानांची जहाजावरची जुनी लोखंडी पेटी. या सगळ्यांचा मिळून एक वास त्या घराला होता. आजही कुठे कोकम आणि सुकट यांचा वास एकदम आला की मी क्षणभर थांबतो.

त्या घराच्या पुढच्या दाराला आतून कडी होती. बाहेरून कुलूप लावायची सोयच नव्हती. घरात कोणी ना कोणी असायचेच, मग कुलूप कशाला लागणार?

नाना तरुणपणी जहाजावर खलाशी होते. पुढे सारंग झाले, आणि म्हातारपणी गावी परतले. त्यांची जागा ओटीवर, उजव्या कोपऱ्यात. तिथून समुद्र दिसत नसे, पण बोटीचा भोंगा ऐकू येई. मुंबईची बोट हर्णैला बाहेर नांगर टाकायची आणि माणसे होडीने किनाऱ्यावर यायची, शेवटी गुडघाभर पाण्यातून चालत. 1947 च्या जुलै महिन्यात मुंबईजवळ 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून घरचे कोणी बोटीने यायचे असले की नानी भोंगा ऐकल्याशिवाय तोंडात घास घालीत नसे. नाना भोंगा ऐकून म्हणायचे, "आली." मगच चुलीवर भाकरी पडायची.

घरात पैसा यायचा तो मोठ्या मामूंकडून. तेही जहाजावर होते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची मनीऑर्डर यायची आणि पत्र यायचे. पत्र आले की सगळे घर ओटीवर जमायचे. आता पाहा, नानांना अक्षर येत होते पण दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करायचे दर वर्षी पुढे ढकलले जात होते. नानीला दिसत होते पण अक्षर येत नव्हते. ती कुराणशरीफ रोज पहाटे पढायची, तिचे उच्चार स्वच्छ होते. पण हाताने लिहिलेला मराठी कागद तिला वाचता येत नसे. धाकटे मामू जेमतेम सही करीत. खालाला तिसरीनंतर शाळेतून काढले होते. राहिलो मी. मला दिसतही होते आणि अक्षरही येत होते. चौथीतला दहा वर्षांचा मुलगा त्या घराचा मुनशी होता. मला त्याचा फार गर्व होता. पत्र वाचताना मी मुद्दाम घसा खाकरायचो.

1961 साली ईद मार्च महिन्यात आली होती. मोठ्या मामूंनी आधीच्या पत्रात कळवले होते की ते ईदला घरी येतील आणि माझ्यासाठी बूट आणतील. मी तोवर बूट घातले नव्हते. आमच्या वर्गात दोघांनाच बूट होते. मी रोज शाळेतून येताना टपालवाल्याची वाट पाहायचो.

रोजे सुरू होऊन दोन-अडीच आठवडे झाले असतील, तेव्हा पत्र आले. निळे अंतर्देशीय पत्र. असरची नमाज नुकतीच झाली होती. नानी अंगणातून हात पुसत आली, खाला आली, शेजारची दोन माणसे आली. मी घसा खाकरून सुरुवात केली. बाबा, अम्मा यांना सलाम, लहानांना दुवा, अशा नेहमीच्या दोन ओळी झाल्या. मग माझ्या ध्यानात आले की अक्षर मामूंचे नाही. खोलीतल्या कोणा गाववाल्याने त्यांच्यासाठी लिहिले होते. तिसऱ्या ओळीपासून मजकूर असा होता: मामूंना विषमज्वर झाला आहे, जहाज त्यांना सोडून गेले, ते डोंगरीला जमातीच्या खोलीत पडून आहेत, खोलीतली माणसे कामाला गेली की दिवसभर पाणी द्यायलाही कोणी नसते, पैसे संपले, ईदला येणे होत नाही, तरी धाकट्याला ताबडतोब पहिल्या बोटीने पाठवा.

मी हे सगळे मनातल्या मनात वाचले. तेवढ्यात नानी म्हणाली, "थांबलास का? काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "खुशाल आहेत. ईदला येतो म्हणतात."

मुलांनो, मी असे का म्हणालो ते मी स्वतःला हजार वेळा विचारले आहे. नानीचा रोजा होता, तिला रडताना पाहायची मला भीती वाटली, हे एक कारण. पण तेवढेच कारण सांगितले तर मी आज पुन्हा खोटे बोलेन. दुसरे कारण बूट होते. मामू येणार नाहीत हे मी तोंडाने बोललो नाही तर ते खरे होणार नाही, असे काहीसे त्या वयात वाटले असावे. मी पत्र घडी करून नानीच्या हातात दिले. तिने ते डोळ्यांना लावले आणि पेटीत ठेवून दिले.

पुढचे आठ दिवस त्या घरात ईदची तयारी चालली. नानीने भिंतींना चुना दिला. सांदणांसाठी तांदूळ धुऊन वाळवले, नारळ सोलून ठेवले. मामूंची गादी उन्हात टाकली. मी हे पाहत होतो. माझा घास घशाखाली उतरत नव्हता. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज रात्र व्हायची. खोटे बोलायला एक क्षण लागतो; ते मागे घ्यायला एकेक दिवस उशीर झाला की ते अधिकाधिक जड होत जाते, हा हिशेब मी त्या आठ दिवसांत शिकलो.

ईदच्या दोन दिवस आधी मुंबईची बोट आली. गावातले एक गृहस्थ उतरले ते सामान घरी न नेता सरळ आमच्या ओटीवर आले. त्यांनी नानांना विचारले, "पत्र मिळालं नाही काय? तुमच्यातलं कोणी आलं कसं नाही?"

नाना म्हणाले, "मिळालं की. खुशाल आहे ना तो?"

त्या गृहस्थांनी काय सांगितले ते आपण ओळखले असेल. ताप वाढला तेव्हा जमातीच्या लोकांनी मामूंना इस्पितळात हलवले होते. तोवर ते रोज बोटीच्या वेळेला दाराकडे तोंड करून पडून राहत होते.

धाकटे मामू त्याच परतीच्या बोटीने निघाले. ईद झाली, पण सांदणे झाली नाहीत.

मला कोणी मारले नाही. नाना एक शब्द बोलले नाहीत. रात्री नानीने पेटीतून ते पत्र काढले, कंदिलाजवळ बसली आणि मला जवळ बोलावले. तिने पत्र पसरले. आतून कागद गच्च भरलेला, मुडपायच्या पट्टीवरसुद्धा दोन ओळी. तिने त्यावर हाताची चार बोटे आडवी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तू वाचलंस तेवढं या चार बोटांत मावतं. बाकी कागदभर लिहिलेलं आहे, ते मला दिसत होतं. तरी मी विचारलं नाही. माझ्या मनाला हवं तेच तू बोललास, म्हणून मी विचारलं नाही. तुझी चूक आहे तशी माझीही आहे."

मला मार बसला असता तर मी तो केव्हाच विसरलो असतो. ती चार बोटे मी विसरलो नाही.

मग ती नानांकडे वळून म्हणाली, "घरात एक वाचणारा असून भागत नाही. दोन हवेत. एकानं वाचलं तर दुसऱ्यानं बघायला हवं."

दुसऱ्या आठवड्यात खालाचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. तेरा वर्षांच्या मुलीला मुलांच्या वर्गात कसे बसवायचे, असे मोहल्ल्यात लोक म्हणाले. नानीने वाद घातला नाही. गावच्या मराठी शाळेतल्या मास्तरांच्या पत्नी शिकलेल्या होत्या. त्या दुपारी आमच्या माजघरात येऊन खालाला शिकवू लागल्या. नानी त्यांच्या घरी नारळ, सुपारी आणि हंगामात फणस पोहोचवायची. खालाला कोणतेही सर्टिफिकेट मिळाले नाही. पण दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा सरळ वाचू लागली, आणि पुढे निम्म्या मोहल्ल्याची पत्रे तिच्याच हातून लिहिली आणि वाचली गेली. तिचा एक नियम होता. पत्र वाचून झाले की ती कागद त्या बाईच्या हातात द्यायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचेच बोट फिरवून घ्यायची. "एवढं होतं, एवढं वाचलं." अशी बोटे फिरवता फिरवता काही बाया स्वतः अक्षरे लावू लागल्या. पुढे खालाच्या दोन्ही मुली शिकल्या. एक आज शिक्षिका आहे.

मोठे मामू वाचले, अल्लाहचे उपकार. पण त्या आजारात त्यांचा डावा कान गेला. जहाजावरची नोकरी सुटली, आणि ते गावी येऊन वाडी शिंपू लागले. डॉक्टर म्हणाले होते की इलाज आठ दिवस आधी झाला असता तरी कान कदाचित गेलाच असता. 'कदाचित' हा शब्द मी आयुष्यभर बाळगला आहे. मामू मला कधी काही बोलले नाहीत. मी काही सांगू लागलो की ते मान वळवून उजवा कान माझ्याकडे करायचे, एवढेच. त्यांनी बूटही पुढच्या वर्षी आणून दिले. ते मी घातले, पण मला ते कधी आवडले नाहीत.

काळ बदलला. 1973 नंतर आखातात तेलाचा पैसा वाढला आणि जहाजे सोडून आपली मुले कुवेत, दुबई, सौदीकडे जाऊ लागली. मोहल्ल्यात कौले उतरून स्लॅब पडले. मामूंचा मुलगा कुवेतला गेला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि त्याची खबर बंद झाली. पत्र नाही, फोन नाही. नानी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. खाला माहेरी येऊन राहिली आणि रोज ओटीवर बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. मी रजा काढून गेलो होतो, तेव्हा एक दिवस मी खालाला हळूच म्हणालो, "लढाईचं एवढं वाचू नका, तिला त्रास होईल." नानीने ते ऐकले. ती म्हणाली, "सगळं वाच गो. अर्धं ऐकून बसले होते, त्याचं काय झालं ते याला विचार."

अम्मानमार्गे एअर इंडियाची विमाने एक लाखाहून अधिक भारतीयांना घेऊन आली, त्यांत आमचा मुलगाही आला. त्याच्याजवळ एक पिशवी होती. मुंबईत उतरून तो सरळ गावी गेला. तो मला पुढे सांगत होता, "चाचा, वाटेत मला वाटत होतं की सगळं गेलं. ओटीवर चढलो तर दादी म्हणाली, ये, जेव. मग मला वाटलं, काही गेलं नाही." मामूंच्या मुलाने मला 'चाचा' म्हणावे हे नात्याने चुकीचे, पण आमच्या घरात सगळेच असे मिसळलेले होते.

नाना आधीच गेले होते. नानी 1994 साली गेली. त्यानंतर एकेक माणूस कमी होत गेले. खाला सासरी, मुले मुंबईत, नातवंडे परदेशात. 1998 साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, रस्ते सुधारले, जाणे सोपे झाले, आणि आम्ही जायचेच कमी केले. शेवटी त्या दाराला बाहेरून कोयंडा बसवला आणि कुलूप आले. किल्ली शेजारी ठेवली.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांचीही त्याने दैना केली. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. आम्ही मुंबईत अडकलेले. दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्यांनी माझ्या मोबाईलवर काही पाठवले. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, आणि करोनामुळे शस्त्रक्रिया पुढे गेली होती. मी फोन माझ्या नातवाच्या हातात दिला. तो अकरा वर्षांचा. त्याने पाहिले, थोडा थांबला, आणि म्हणाला, "काही नाही दादा. थोडी कौलं उडालीत."

मी त्याला विचारले, "फोटो किती आहेत?"

तो म्हणाला, "नऊ."

मी म्हणालो, "मग एकेक करून नऊही सांग."

त्याने सांगितले. छप्पर गेले होते. माळा खाली आला होता. वाडीतली सुपारीची झाडे काड्यांसारखी मोडून पडली होती. सांगताना तो रडला, मीही रडलो. पण आम्ही दोघे एकत्र रडलो. साठ वर्षांपूर्वी मी ओटीवर एकटाच होतो.

पुढे प्रवास मोकळा झाला तेव्हा आम्ही गेलो. माळ्यावरच्या पेटीत पावसाचे पाणी साचले होते आणि सगळी पत्रे लगद्यासारखी झाली होती. ते निळे पत्र त्यांत होते की नव्हते ते सांगता येणार नाही. घराच्या वारसांत आता एकवीस नावे आहेत. काही म्हणतात विकावे, काही म्हणतात बांधावे. निकाल अजून लागलेला नाही. तूर्त ओटी आणि माजघर यांवर पत्रे घातले आहेत. मागचा भाग अजून उघडाच आहे. हेही मी आपल्यापासून लपवीत नाही.

तर घर म्हणजे काय? जांभ्याच्या भिंती म्हणजे घर असे मी म्हणणार नाही, त्या आता अर्ध्याच उभ्या आहेत. माझा हिशेब साधा आहे. जिथे आपले वाईट वर्तमानही पुरते ऐकून घेणारे माणूस असते, आणि ऐकल्यावर जे पहिल्या बोटीने निघते, ते आपले घर. मामू आठ दिवस दाराकडे पाहत होते ते याच भरवशावर. त्यांचा भरवसा खोटा नव्हता. मधला वाचणारा खोटा निघाला.

आता विद्यार्थी मित्रांनो, दोन शब्द तुमच्याशी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तुम्हीच मुनशी आहात. शाळेची सूचना, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा निरोप, दवाखान्याचा कागद, हे आईबापांना तुम्ही वाचून दाखवता. प्रगतिपुस्तकही तुम्हीच वाचून दाखवता. नापासाचा शेरा गाळून वाचणे फार सोपे आहे, ते मला माहीत आहे. पण ज्याला वाचता येत नाही तो तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. ती अमानत आहे. ती फोडू नका. स्वतःच्या विरुद्ध जाणारी ओळ आधी वाचा, मोठ्याने वाचा.

आणि पालकहो, आपल्याशी. मूल वाचताना मध्येच थांबले, तर कागदावर चार बोटे ठेवून पाहा. त्याला रागावू नका. "सगळं वाच, मी ऐकतो" एवढेच म्हणा. मुलाला खरे वाचायची भीती वाटणार नाही अशी ओटी घरात ठेवा. आणि घरात एकच वाचणारा ठेवू नका. मुलगा शिकतो आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबले तरी चालेल असे कोणी म्हणाले, तर माझ्या निरक्षर नानीचे म्हणणे त्याला सांगा: एक असून भागत नाही, दोन हवेत.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या डोळ्यांना वाचण्याचे बळ देवो आणि जिभेला खरे बोलण्याचे.